स्वाक्षरी आणि उत्तरदायित्व : देरिदाच्या विरचनेपुढील एक नैतिक प्रश्न

१

विरचनेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. संहितेचा अर्थ अंतिमतः निश्चित करता येत नाही, लेखकाचा हेतू त्या अर्थाचे संपूर्ण नियमन करू शकत नाही आणि कोणतेही वाचन शेवटचे नसते, असे एकदा मान्य केले, की लिहिणाऱ्याला त्याच्या लेखनाबद्दल जाब विचारण्याचा अधिकार आपण कोणत्या आधारावर राखून ठेवतो? ज्याने लिहिले त्याने ‘मला तसे म्हणावयाचे नव्हते’ असे म्हणावे आणि ज्याने वाचले त्याने ‘संहिता तसे म्हणतच नाही, ती काहीच निश्चित म्हणत नाही’ असे म्हणावे. म्हणजे अपराध हवेत विरून जातो आणि अपराधी कोणीच उरत नाही. आपल्याकडील चर्चासत्रांतही हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. त्याला मिळणारे उत्तर बहुधा दोन प्रकारचे असते. एक पक्ष म्हणतो की विरचना ही केवळ वाचनाची पद्धत आहे, तिला नीतीचे प्रश्न विचारू नयेत. दुसरा पक्ष म्हणतो की विरचना म्हणजे शून्यवाद, तेव्हा तिच्याशी वाद घालणेच व्यर्थ. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. प्रस्तुत लेखात हा आक्षेप खुद्द देरिदाच्या स्वाक्षरीविषयक विवेचनासमोर ठेवून पाहावयाचा आहे आणि त्यानंतर ज्या एका प्रसंगी देरिदालाच या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले त्या प्रसंगाची तपासणी करावयाची आहे.

प्रारंभी संज्ञेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. १० जुलै १९८३ रोजी तोशिहिको इझुत्सु या जपानी विद्वानास लिहिलेल्या पत्रात देरिदाने आपल्या संज्ञेच्या अनुवादाचा विचार केला आहे. हायडेगरच्या परिभाषेतील एका जर्मन कल्पनेला फ्रेंचमध्ये प्रतिशब्द शोधताना त्याला हा शब्द सुचला आणि लित्रेच्या कोशात त्याला त्याचे जुने अर्थ सापडले : वाक्यातील शब्दांची रचना मोडणे, यंत्राचे भाग सुटे करणे. निव्वळ विध्वंस हा अर्थ त्याला नको होता. मराठीत रूढ झालेला ‘विरचना’ हा प्रतिशब्द या दृष्टीने विलक्षण आहे. ‘वि’ हा उपसर्ग ‘वियोग’मध्ये दूर करतो, ‘विज्ञान’मध्ये विशेष करतो. संस्कृतात ‘विरचना’ म्हणजे मांडणी, रचना; आणि जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर ‘अमुकविरचित’ असे जे आपण वाचतो त्याचा अर्थ ‘अमुक याने रचलेले’ असाच आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपण रचना सुटी करण्याची क्रिया सांगतो, त्याच शब्दाने आपली परंपरा ग्रंथावर कर्त्याचे नाव नोंदवीत आली आहे. हा केवळ योगायोग असेल. तथापि कर्त्याचे नाव आणि विरचना यांचा संबंध काय, हाच आपला प्रश्न असल्यामुळे या योगायोगाकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही.

२

देरिदाच्या स्वाक्षरीविषयक विचाराचे मूळ १९७१ मध्ये माँट्रियल येथील तत्त्वज्ञान परिषदेत त्याने वाचलेल्या निबंधात आहे. परिषदेचा विषय संज्ञापन हा होता. ‘स्वाक्षरी, घटना, संदर्भ’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा निबंध पुढे १९७२ च्या ‘मार्ज’ या ग्रंथात समाविष्ट झाला. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : लेखन लेखन म्हणून ओळखले जावयाचे तर ते लिहिणाऱ्याच्या आणि ज्याला उद्देशून लिहिले त्याच्या अनुपस्थितीतही वाचता आले पाहिजे. जे चिन्ह फक्त एकदाच, एकाच संदर्भात, एकाच हेतूच्या पहाऱ्याखाली चालू शकते ते चिन्हच नव्हे. पुनरावृत्तीची ही शक्यता चिन्हाला बाहेरून चिकटलेली नसते. तिच्यामुळेच चिन्ह शक्य होते. पण जे पुन्हा उच्चारता येते ते दुसऱ्या संदर्भात, दुसऱ्या अर्थानेही उच्चारता येते. जे. एल. ऑस्टिनने कृतिरूप उक्तींचा विचार करताना रंगभूमीवरील वा काव्यातील उच्चार ‘गंभीर नसलेले’ म्हणून बाजूला ठेवले होते. हे बाजूला ठेवणे देरिदाला मान्य नाही. कारण रंगभूमीवर जे उद्धृत होऊ शकते तेच न्यायालयात शपथ म्हणून चालते; उद्धृत होण्याची शक्यता दोन्ही ठिकाणी सारखीच असते.

स्वाक्षरी हे या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण. सही ही एका व्यक्तीची, एका क्षणाची, अनन्य घटना असावी अशी आपली अपेक्षा असते. परंतु बँकेत धनादेश वटावयाचा तर ती सही आधीच्या नमुन्याशी जुळलीही पाहिजे. जी सही कोणत्याही पूर्वीच्या सहीसारखी नाही ती अस्सल असूनही निरुपयोगी. आणि जी पुन्हा करता येते तिची नक्कलही करता येते. निबंधाच्या अखेरीस देरिदाने स्वतःची सही छापून ती आपण नकलत असल्याची नोंद केली आहे. मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही अशीच स्वाक्षरी असते. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा रचना तुकारामांची असल्याचे सांगते आणि नेमकी तीच मुद्रा प्रक्षिप्त अभंगांना वाट करून देते. ‘नामा’ या मुद्रेखाली नामदेवांच्या आणि विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आणि संशोधकांना त्या निवडीत बसावे लागले. जिच्यामुळे कर्तृत्व सिद्ध होते त्याच मुद्रेमुळे कर्तृत्व संदिग्ध होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. हेतू नावाची गोष्टच नाही, असे देरिदा कोठेही म्हणत नाही. हेतूला त्याचे स्थान राहील, मात्र त्या स्थानावरून त्याला संपूर्ण व्यवहाराचे नियमन करता येणार नाही, एवढाच त्याचा दावा आहे. तो किती मर्यादित आहे हे त्याच्या विरोधकांप्रमाणे त्याचे अनुयायीही विसरतात. १९६७ च्या ‘व्याकरणशास्त्रा’वरील ग्रंथात, म्हणजे जेथे संहितेबाहेर काही नसल्याविषयीचे ते बहुचर्चित विधान येते तेथेच, रूढ अन्वयार्थ आणि पारंपरिक भाष्य यांची शिस्त ही वाचनाला आवश्यक असा कठडा आहे, तिच्यावाचून टीका कोणत्याही दिशेला भरकटेल, असे त्याने बजावले आहे.

जॉन सर्ल याने १९७७ मध्ये ऑस्टिनच्या बाजूने उत्तर दिले तेव्हा देरिदाने त्यावर एक दीर्घ आणि खोडकर प्रत्युत्तर लिहिले. सर्लने आपल्या लेखात इतरांच्या साहाय्याचा उल्लेख केला होता. तो धरून, या लेखाची मालकी नेमकी कोणाची असे विचारीत देरिदाने सर्लच्या आडनावाचे रूपांतर ‘सार्ल’ या फ्रेंच आद्याक्षरी संज्ञेत केले. तिचा अर्थ मर्यादित दायित्वाची कंपनी असा होतो. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या पाटीवर शेवटी ‘मर्यादित’ हा शब्द असतो, तसाच हा प्रकार. विनोद थोडा क्रूर आहे, परंतु त्यातील प्रश्न गंभीर आहे. ‘मी जेवढे म्हणावयाचे ठरविले तेवढ्यालाच मी जबाबदार’ असे म्हणणारा लेखक प्रत्यक्षात आपले दायित्व मर्यादित करून घेत असतो.

३

या विनोदातून आपल्या आक्षेपाचे उत्तर उलगडू लागते. उत्तरदायित्वाची रूढ कल्पना हेतूवर उभी आहे. ज्याने जाणूनबुजून केले तो दोषी, ज्याच्या मनात नव्हते तो निर्दोष किंवा निदान कमी दोषी. लेखनाला ही कल्पना लावली तर लेखकाची जबाबदारी त्याच्या मनातील अर्थापाशी संपते. पुढे वाचकांनी काय केले ते त्यांचे त्यांनी पाहावे. देरिदाचे प्रतिपादन मान्य केल्यास मात्र ही सोय उरत नाही. मी सही करतो तेव्हा, मी जेथे नसेन तेथे, ज्यांना मी ओळखत नाही अशांकडून आणि ज्याची मला कल्पना नाही अशा प्रसंगी वाचले जाण्यास मी संमती देतो. हे वाचले जाणे अपघाताने घडत नाही. सहीच्या रचनेतच ते आहे. तेव्हा ‘मला तसे म्हणावयाचे नव्हते’ हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे असते. तात्पर्य, विरचनेने लेखकाची जबाबदारी कमी होत नाही. ती त्याच्या हेतूच्या सीमेपलीकडे वाढते.

नीत्शेच्या संदर्भात देरिदाने हेच तत्त्व वापरले आहे. १९८४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘ओतोबिओग्राफी’ या विवेचनात तो विचारतो : नीत्शेचे नाव ध्वजासारखे फडकविणारे राजकारण नाझींचेच का असावे? नीत्शे नाझी होता असे तो म्हणत नाही. पण नाझींनी त्याचा केवळ विपर्यास केला, मूळ संहिता निष्कलंक आहे, असे म्हणूनही त्याला मोकळे होता येत नाही. ज्या वाक्यांचा तसा विपर्यास होऊ शकला त्या वाक्यांत ती शक्यता कोणत्या यंत्रणेने सामावली होती, हे पाहावेच लागेल. स्वाक्षरी दुसऱ्याच्या कानापाशी पूर्ण होते. ऐकणारा प्रतिस्वाक्षरी करतो तेव्हा ती खऱ्या अर्थाने घडते.

नावाचा हा प्रश्न देरिदाला केवळ सैद्धांतिक नव्हता. तो १५ जुलै १९३० रोजी अल्जीरियातील एल् बियार येथे एका ज्यू कुटुंबात जन्मला. त्याचे मूळ नाव जॅकी. ग्रंथकार म्हणून त्याने ‘जाक’ हे अधिक फ्रेंच वळणाचे नाव धारण केले. १८७० च्या क्रेम्यू आदेशाने अल्जीरियातील ज्यूंना मिळालेले फ्रेंच नागरिकत्व १९४० मध्ये विशी राजवटीने काढून घेतले आणि १९४२ मध्ये, ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणाऱ्या नियमामुळे, हा बारा वर्षांचा मुलगा शाळेतून घालविला गेला. तो काय बोलला वा त्याच्या मनात काय होते, याचा तेथे संबंधच नव्हता. ज्याने लेखन आणि नाव यांतील संबंधाचा आयुष्यभर विचार केला, त्याला नावावरून होणाऱ्या निवाड्याची ओळख अशी बालपणीच झाली होती.

४

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळू. पॉल द मान हा येल विद्यापीठातील समीक्षक, अमेरिकेतील विरचनावादी समीक्षेचा अध्वर्यू आणि देरिदाचा १९६६ पासूनचा मित्र. तो डिसेंबर १९८३ मध्ये वारला. १९८७ मध्ये ऑर्टविन द ग्राफ या तरुण बेल्जियन संशोधकाला त्याचे युद्धकाळातील लेखन सापडले. डिसेंबर १९४० ते नोव्हेंबर १९४२ या काळात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या ब्रुसेल्समधील ‘ल स्वार’ या दैनिकात द मानने सुमारे १७० लेख लिहिले होते. त्यांपैकी ४ मार्च १९४१ चा लेख आधुनिक साहित्यातील ज्यूंविषयी आहे. तो ज्यूद्वेषाला वाहिलेल्या विशेष पानावर छापला गेला. युरोपीय साहित्य ज्यूंच्या प्रभावाने बिघडलेले नाही, ते मूलतः सुदृढ आहे, असे त्यात प्रतिपादन असून ज्यूंची युरोपबाहेर वेगळी वसाहत केली तरी पाश्चात्त्य साहित्याचे काही विशेष बिघडणार नाही असा त्याचा शेवट आहे. त्या वेळी द मान एकवीस वर्षांचा होता. पुढे अमेरिकेतील आपल्या प्रकाशित लेखनात त्याने याविषयी कधी काही लिहिले नाही.

देरिदाने १९८८ मध्ये ‘क्रिटिकल इन्क्वायरी’त या प्रकरणावर दीर्घ निबंध लिहिला. तो प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. त्या वाक्यांतील हिंसा अक्षम्य असल्याचे देरिदा मान्य करतो. ती वाचून आपल्याला झालेली वेदना तो लपवीत नाही. मात्र त्यानंतर ‘एका बाजूने’ आणि ‘दुसऱ्या बाजूने’ अशी त्याच्या वाचनाची दुहेरी चाल सुरू होते. द मान ‘असंस्कृत ज्यूद्वेषा’वर टीका करतो, मग त्या टीकेत, त्याच पानावरील इतर लेखांविरुद्ध, ज्यूद्वेष मुळातच असंस्कृत असतो असा छुपा सूर ऐकू येत नाही काय? थोर आधुनिक लेखकांच्या यादीत तो काफ्काचे नाव घेतो. ही त्या पानावरील एक तिरकी खूण नव्हे काय? आणि अखेरीस देरिदा बजावतो की या लेखांच्या आधारे द मानचे सर्व कार्य बाद ठरविणे, त्याची पुस्तके मिटून टाकणे, म्हणजे ज्या संहारक कृतीला त्याने वेळीच विरोध केला नाही तिचीच पुनरावृत्ती करणे होय.

या निबंधावर झालेली बरीचशी टीका अशी की विरचनेचे सैल तत्त्वज्ञान मित्राला सोडवून नेण्यासाठी वापरले गेले. माझे निरीक्षण वेगळे आहे. देरिदाची चूक झाली ती विरचनेच्या सैलपणामुळे झालेली नसून, तिची शिस्त त्याने ऐन वेळी सोडल्यामुळे झाली आहे. ‘असंस्कृत’ या विशेषणामागे छुपा विरोध शोधताना तो काय करतो? त्या तरुणाच्या मनात काय असू शकेल याचा शोध घेतो आणि ती संभाव्यता पानावरील वाक्यांच्या पारड्यात टाकतो. ज्या हेतूला १९७१ मध्ये त्याने नियमनाच्या स्थानावरून खाली आणले त्यालाच १९८८ मध्ये तो बचावाचा साक्षीदार म्हणून परत बोलावतो. उलट, स्वाक्षरीच्या त्याच्याच सिद्धांताप्रमाणे विचारावयाचा प्रश्न असा होता : ब्याप्त शहरातील दैनिकाच्या त्या पानावर, त्या तारखेला, त्या नावाखाली छापलेल्या त्या वाक्यांनी काय केले? संदर्भाबाहेर काही नाही असे म्हणणाऱ्याला तरी हा संदर्भ दुय्यम मानता येणार नाही. ‘असंस्कृत’ ज्यूद्वेषाहून आपण वेगळे आहोत असे सांगणारे सुसंस्कृत गद्य त्या पानाला प्रतिष्ठा देते. ही त्याची कृती आहे, मनातील अर्थ काहीही असो.

येथे ‘कठड्या’चीही आठवण होते. रूढ अन्वयार्थाची शिस्त आधी पाळावी आणि मग तिच्या पलीकडे जावे, हा देरिदाचा स्वतःचा दंडक. वसाहतीविषयीच्या वाक्याचा रूढ अन्वयार्थ पुरेसा स्पष्ट आहे. त्या वाक्यापाशी जितका वेळ थांबावयास हवे तितका थांबण्याआधीच ‘दुसरी बाजू’ उभी राहते. मृत माणसाच्या कीर्तीचा निवाडा आणि जिवंत माणसांचा संहार यांना एका क्रियापदाखाली आणणे तर मुळीच समर्थनीय नाही. पुस्तक मिटता येते, तसे ते पुन्हा उघडताही येते.

आणखी एक कठीण प्रश्न उरतो. १९७९ च्या ‘वाचनाची रूपके’ या ग्रंथात द मानने रूसोच्या ‘कबुलीजबाबां’तील प्रसिद्ध प्रसंग घेतला आहे. रूसोने एक फीत चोरली आणि आळ मारियॉन या मोलकरणीवर घातला. द मानचे म्हणणे असे, की कोणताही अनुभव एकाच वेळी प्रत्यक्ष घटना आणि काल्पनिक कथन अशा दोन्ही रूपांत असतो. यांपैकी खरे रूप कोणते हे ठरविता येत नाही आणि म्हणूनच कोणत्याही अपराधाला सबब सापडू शकते. १९८७ नंतर हे विवेचन आत्मचरित्रासारखे वाचले गेले. ते टाळणे अवघड आहे. पण आत्मचरित्र बाजूला ठेवले तरी त्यात एक उणीव दिसते. त्या विवेचनात सबब सांगणारा आहे, भाषा आहे, भाषेचे यंत्र आहे. मारियॉन मात्र हळूहळू दिसेनाशी होते. तिची नोकरी गेली, तिचे नाव डागाळले, आणि तिची बाजू कोणत्याही संहितेत नोंदली गेली नाही. अनिर्णेयता रूसोच्या बाजूने खरी असेल. मारियॉनच्या बाजूने निर्णय केव्हाच लागून गेला होता.

५

ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयातील व्याख्यानात देरिदाने कायदा आणि न्याय यांत भेद केला. कायदा रचलेला असतो, म्हणून त्याची विरचना होऊ शकते. न्यायाची होऊ शकत नाही. आणि विरचना म्हणजेच न्याय, असे त्याचे धाडसी समीकरण आहे. या व्याख्यानात अनिर्णेयतेचा जो अर्थ आहे तो प्रारंभीच्या आक्षेपातील अर्थाहून निराळा आहे. अनिर्णेय म्हणजे ज्याचा निर्णय करू नये ते नव्हे. नियम लावताच उत्तर आपोआप निघत असेल तर तेथे गणित झाले, निर्णय झाला नाही. ज्याला अनिर्णेयाच्या कसोटीतून जावे लागले तोच निर्णय जबाबदारीचा. आणि न्याय थांबत नसल्यामुळे तो सर्व माहिती हाती येण्यापूर्वी, आजच, घ्यावा लागतो.

हे मान्य केले तरी एक शंका राहते. अमर्याद जबाबदारी ही शून्य जबाबदारीच्या फार जवळ असते. ज्याला सर्वांचे सर्व काही देणे लागते, त्याच्याकडून कोणालाच काही वसूल करता येत नाही. तेव्हा ‘जबाबदारी किती’ या प्रश्नाआधी ‘जबाबदारी कोणाला’ हा प्रश्न विचारला पाहिजे. माझ्या मते त्याचे उत्तर देरिदाच्याच प्रतिस्वाक्षरीच्या कल्पनेत आहे. १९८८ मध्ये ते त्याच्या नजरेतून निसटले, एवढेच. स्वाक्षरी जर दुसऱ्याच्या कानापाशी पूर्ण होत असेल, तर ४ मार्च १९४१ च्या त्या लेखाचा पहिला प्रतिस्वाक्षरीकार येलमधील विद्यार्थी नव्हे, पॅरिसमधील मित्रही नव्हे. तो म्हणजे त्या सकाळी ब्रुसेल्समध्ये ते दैनिक उघडणारा ज्यू वाचक. ऑगस्ट १९४२ पासून मेखेलेन येथील छावणीतून बेल्जियममधील सुमारे २५ हजार ज्यूंना आउश्वित्झकडे नेण्यात आले. आणि द मानचे लेख ‘ल स्वार’मध्ये त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत येत राहिले. लेख आणि गाड्या यांत कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे ठरेल, तो येथे जोडावयाचा नाही. म्हणावयाचे एवढेच, की त्या वाचकाच्या वाचनाला अग्रक्रम देणे ही कोणतीही भावनिक सवलत नाही. ज्याला संहिता लागते, तिच्यामुळे ज्याचे काही जाते, त्याचे वाचन संदर्भाच्या सर्वांत जवळ असते. इतर वाचने त्यानंतर येतात, ती यावीतही. पण त्यांनी त्या पहिल्या वाचनाचे उत्तर देऊन पुढे जावयास हवे.

६

सारांश, विरचना उत्तरदायित्व नष्ट करते हा आक्षेप सिद्धांताच्या पातळीवर टिकत नाही. परंतु विरचना करणारा ते टाळू शकतो, हे वास्तव त्यामुळे बदलत नाही. सिद्धांताची कसोटी मित्राच्या बाबतीत लागते. देरिदा त्या कसोटीला पूर्णपणे उतरला असे मला वाटत नाही. तथापि तो कोठे कमी पडला हे ज्या मापाने कळते ते माप त्यानेच तयार केले आहे, याचीही नोंद केली पाहिजे. १९९८ मध्ये त्याने पुन्हा रूसोच्या त्या फितीवर आणि द मानच्या त्या वाचनावर दीर्घ व्याख्यान दिले. ९ ऑक्टोबर २००४ रोजी तो वारला. प्रश्न मिटला असे त्यालाही वाटले नसावे.

राहता राहिला आपला प्रश्न. एखाद्या आडनावाचा सिक्का झाला की त्यावर विचार करण्याची गरज वाटेनाशी होते. १९९२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने देरिदाला सन्माननीय पदवी द्यावी की नाही यावर मतदान झाले, ३३६ विरुद्ध २०४. बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या पुष्कळांना त्या नावापलीकडे जावे लागले नाही. आपल्या प्रबंधांतही ‘देरिदा म्हणतो’ हे शब्द पुष्कळदा युक्तिवादाच्या जागी येतात. जे विधान स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचे धैर्य नसते ते त्या आडनावाच्या खाती टाकले जाते. हीही मर्यादित दायित्वाची एक कंपनीच आहे. देरिदाचे काही खरे मानावयाचे असेल तर ‘देरिदा म्हणतो’ असे लिहिणाऱ्याने तेथे स्वतःची सही केलेली असते. ते वाचन आता त्याने विरचित केलेले असते आणि त्याबद्दल विचारले असता उत्तर देण्याचे दायित्वही त्याचेच.